नाही म्हणायचा माझा दिवस

मास्तर, तुम्ही मला फसवलंत.

माझ्या बायकोने माझा एकुलता एक मुलगा तान्हा असतानाच देवाला वाहून टाकला होता, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साक्षीला तुम्हीच उभे होतात. त्यानंतर वर्षानुवर्षं दर रविवारी मिशनच्या देवळाच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसलात, माझ्या चंचीतली तंबाखू दाढेखाली धरलीत, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीत. मी बैलांचा दलाल आहे. घोडेगावच्या बाजारात मला म्हातारा बैल तरणा म्हणून विकून दाखवणारा माणूस अजून भेटलेला नाही. तुम्ही मात्र मला फसवलंत आणि हिशेब अर्धा टाकून निघून गेलात.

फादर म्हणाले, शिमोन मास्तरांविषयी मिशनच्या मासिकाला चार चांगल्या ओळी लिहून दे. चांगल्या ओळी लिहायला गावात पुष्कळ आहेत. तुम्ही किती लग्नं जमवलीत, किती जणांना मरताना प्रार्थना ऐकवलीत, ते सगळं ते लिहितील. माझं तुमच्याशी भांडण चालू होतं, आणि भांडण चालू असताना माणूस उठून गेला तर त्याच्या मागे जाऊन बोलावं लागतं. म्हणून हे लिहितो आहे.

लिहितो आहे तेही तुमच्याच अक्षरात. तिशी उलटेपर्यंत मला आकडे येत होते, अक्षर येत नव्हतं. दुसऱ्यांची जनावरं हाकत बाजारोबाजार फिरणाऱ्या माणसाला अक्षराचं काय काम, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणालात, "लुकस, तू माझ्याशी शास्त्रावर भांडतोस ते ऐकीव माहितीवर. आधी वाचायला शीक, मग भांड. मला बरोबरीचा माणूस पाहिजे." मला कुणी बरोबरीचा म्हटलं होतं ते पहिल्यांदा. मी शिकलो. भांडण्यासाठी शिकलो हे खरं, पण शिकलो.

फादर मोटारसायकलवरून महिन्यातून एकदा मिस्साला, म्हणजे मोठ्या उपासनेला, यायचे. बाकीचे रविवार तुमचे. तुम्ही वाचायचात, मग चष्मा काढून अर्थ सांगायचात, आणि प्रार्थना आटोपली की ओट्यावर माझी पाळी. तिथली आपली रीत गावाला ठाऊक आहे, पण वाचणारे परगावचेही असतील म्हणून सांगतो. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून उपरणं टाकतात, आणि खाली बोटं बोलतात. आजूबाजूच्यांना काही दिसत नाही. जोवर हात हातात आहे तोवर सौदा जिवंत. पटलं तर पंजा दाबायचा, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. आपण शास्त्राचा सौदा तसाच करायचो. तुमचा अर्थ पटला की मी माझ्या उपरण्याखाली तुमचा पंजा दाबायचो. बायका हसायच्या. म्हणायच्या, बघा, मास्तरांनी आज बैल विकला.

त्या कनानी बाईचा उतारा आठवतो? लेकरू आजारी म्हणून ती प्रभूच्या मागे ओरडत येते, आणि प्रभू म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांपुढे टाकू नये. तुम्ही वाचून थांबलात आणि मी देवळातच उभा राहिलो.

"मास्तर, ह्ये मला पटलं न्हाई. लेकरासाठी रडत आल्याली बाई. तिला कुत्रं म्हनायचं? आपल्या आज्याला गावानं ह्येच म्हनलं. मंग आपन ह्या देवळात कशाला आलो?"

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "शेठ, परवा बाजारात त्या खिलार जोडीला तू काय म्हणत होतास?"

"म्हनत हुतो, खोंडं हायती का शेळ्या."

"आणि मग?"

"मंग काय, घेतली."

"शेळ्या घेतल्यास?"

"शेळ्या कशाच्या? जनावर सोन्यावानी हुतं."

"बघा. मालाला नावं ठेवतो तोच गिऱ्हाईक पक्का. बाईचा विश्वास सोन्यासारखा आहे हे प्रभूला दिसत होतं. तो लोकांनाही दिसावा म्हणून त्याने नावं ठेवली. आणि तिने जबाब काय दिला? कुत्री तर कुत्री, पण ताटाखाली पडलेला चुरा तरी आमचाच ना? लुकस, अख्ख्या शुभवर्तमानात प्रभूला बोलण्यात हरवणारी ती एकटी. आणि हरून तो खूश झाला. जुने संत म्हणतात, त्याला हरायचंच होतं."

मी ओट्यावर आल्यावर हात दिला, पण दाबला नाही. म्हणालो, "हरायचंच हुतं तर शिवी कशाला? शिवी ती शिवीच."

"तेवढं उरू दे," तुम्ही म्हणालात. "सगळंच पटलं तर पुढच्या रविवारी येशील कशाला?"

असे तुम्ही होतात. कठीण उताऱ्यावरून घाईने पुढे जायचं नाही. जिथे पाय अडखळतो तिथेच खणायचं, पाणी तिथेच असतं, असं म्हणायचात. आता नवे फादर येतात, ते म्हणतात त्या काळच्या चालीरीती होत्या, मनावर घेऊ नका. मनावर घ्यायचं नाही तर वाचायचं कशाला? तुम्ही मनावर घ्यायचात. म्हणून तुमच्याशी भांडायला मजा यायची.

अब्राहामाचा उतारा तर माझाच. देव सदोम नगर जाळायला निघतो आणि अब्राहाम त्याची वाट अडवून भाव करतो. पन्नास भली माणसं निघाली तर सोडशील? पंचेचाळीस? चाळीस? असं करत दहापर्यंत खाली आणतो. मी पहिल्यांदा स्वतः वाचलं तेव्हा मांडीवर थाप मारली होती. मी म्हणालो, "मास्तर, ह्यो तर आपल्यातला. पण धंद्यात कच्चा. देव उतरत हुता, तर ह्यो दहावर का थांबला? एकावर आनायचा की."

तुमचा जबाब मी अजून लोकांना सांगतो. तुम्ही म्हणालात, "एकावर आणायला तो एक हातात पाहिजे ना? अब्राहामाकडे तो नव्हता. तो पुढे यायचा होता. एका नीतिमानासाठी सगळ्यांना सोडायचं, तो सौदा क्रूसावर झाला. अब्राहामाने हात काढून घेतला नाही, लुकस. त्याने तो पुढच्या मध्यस्थासाठी तसाच ठेवला."

तेव्हा मी तुमचा पंजा असा दाबला की तुम्ही कळवळलात.

मग मी पुढचं विचारलं. ज्या माणसाने परक्या गावासाठी देवाशी एवढी घासाघीस केली, त्याच्याकडे देवाने त्याचा स्वतःचा मुलगा, इसहाक, बळी म्हणून मागितला तेव्हा तो एक अक्षर बोलला नाही. सकाळी उठला, गाढवावर खोगीर घातलं आणि निघाला. का? तुम्ही सांगितलंत, इसहाकाच्या खांद्यावर होमाची लाकडं होती, तीच पुढे प्रभूच्या खांद्यावरचा क्रूस झाली. मी म्हणालो, "ते खरं असंल. पण बाप का बोलला न्हाई?" तुम्ही चष्मा पुसत बसलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटलं, मास्तरांना अर्थ सुचत नाही, आणि मला जिंकल्यासारखं झालं. माझा योहान तेव्हा देवळापुढे गोट्या खेळत होता. आता कळतं, तुम्ही नजर का चुकवलीत.

योहान मॅट्रिक झाला आणि म्हणाला, फादर व्हायला सेमिनरीत जातो. मी आरडाओरडा केला. माझ्यामागे माझ्या उपरण्याखाली कुणाचा हात येणार, असं विचारलं. माझी बायको मार्था चुलीकडे तोंड करून बसून होती. मला वाटलं, रडते आहे. तो गेला. त्यानंतर काही वर्षांनी मार्था वारली. तिची महिन्याची मिस्सा झाली आणि त्या दिवशी देवळाच्या आवारात, सगळे लोक पांगायच्या आत, तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत. आमची आधीची लेकरं जगत नव्हती. योहान तान्हा असताना त्याला घटसर्प झाला आणि मी बैल आणायला खानदेशात गेलो होतो. मार्था त्याला घेऊन देवळात आली आणि माउलीच्या, प्रभूच्या आईच्या, पायाशी ठेवून बोलली की हा वाचला तर देवाचा. आणि मग तुम्हाला म्हणाली, "ह्यांना सांगू नका." तुम्ही शब्द दिलात. तिने मरायच्या आधी तो शब्द मोकळा केला म्हणून आता सांगतो, असं म्हणालात.

मी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. तिथेच ओरडलो. "न्हाई. माझं पोर मी दिलेलं न्हाई. आईकलं का? न्हाई." लोक वळून बघत राहिले. मी तडक घरी गेलो आणि पुष्कळ महिने तुमच्या ओट्यावर फिरकलो नाही.

पण भांडायला तुम्हीच शिकवलं होतं. मी शास्त्राचं पुस्तक घेऊन बसलो. तुम्ही रविवारी कधी वाचत नव्हतात ती पानंसुद्धा काढली. आणि त्यातल्या गणनेच्या पुस्तकात मला माझा कागद सापडला. बायकोने देवाला नवस केला आणि नवऱ्याच्या ते कानावर आलं, तर तो गप्प राहिला तर नवस पक्का. पण ज्या दिवशी कानावर आलं त्याच दिवशी तो नाही म्हणाला, तर नवस रद्द, आणि देव तिला माफ करतो. एक दिवस, मास्तर. नवऱ्याला एक दिवस दिलेला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात.

मी पुस्तक बगलेत मारून तुमच्या घरी आलो. यंदाच्या दुष्काळाचा उन्हाळा सुरू झाला होता. बाजार बसला होता, लोक जनावरं छावणीत नाहीतर कसायाला देत होते, मला काही काम नव्हतं आणि डोकं तापलेलं होतं. मास्तरीणबाईंनी पितळेच्या तांब्यात पाणी दिलं आणि म्हणाल्या, "या, पुष्कळ दिवस रागावलात." मी पान उघडून तुमच्यापुढे ठेवलं.

तुम्ही वाचलंत. दोनदा वाचलंत. मग म्हणालात, "बरोबर आहे तुझं."

"मंग? नवस मोडला?"

"मोडला. ज्या दिवशी ऐकलंस त्या दिवशी नाही म्हणालास. मार्थाचा नवस मोडला, मी मानतो. तसाही आईचा नवस पोराला बांधत नाही, असं आपली ख्रिस्तसभा सांगते. पण योहान नवसाने गेला असं तुला कुणी सांगितलं?"

"मंग कशानं गेला?"

"ते त्याला विचार. पण त्याची दीक्षा होऊ दे, मग."

"त्येला इचारीन. तुमाला इचारतो, मला का न्हाई सांगितलं? हन्नानं आपला पोरगा शमुवेल देवाला वाहिला, पर तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यो म्हनला, तुला बरं वाटतं ते कर. त्येला कळलं तरी. अब्राहामाला देवानं सोता इचारलं. मलाच कुनी न्हाई इचारलं. मी काय त्येंच्यापरीस हलका हाय?"

तुम्ही उठून दारात गेलात. परत येऊन म्हणालात, "हलका नाहीस. या प्रश्नाचा जबाब माझ्याकडे आहे, पण तो आज देणार नाही. योहानाची गुरुदीक्षा झाली की देईन. तोवर देता येत नाही." मी म्हणालो, हा दलाली कावा आहे. तुम्ही हसलात. मग सांगितलंत की दीक्षेच्या वेळी बिशपसाहेब पोराच्या तळहातांना पवित्र तेल लावतात आणि हातांवर पांढरं कापड गुंडाळतात. ते कापड आईला द्यायची जुनी रीत आहे, ती गेली की तिच्याबरोबर शवपेटीत ठेवायला. "मार्था नाही. ते तुझ्याकडे येईल."

"हातावर कापड?" मी म्हणालो. "मंग सौदा संपला कुठं? सुरू व्हायचाय."

तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. ते आपलं शेवटचं बोलणं. मी हात न देताच निघालो होतो.

पाडव्यानंतर तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी आलो तेव्हा तुम्ही बाजेवर होतात, अंगावर घोंगडी, डोळे उघडे. फादर अंत्यलेपन करून गेले होते. मी बाजेशेजारी बसलो आणि भांडायलाच लागलो. म्हणालो, "मास्तर, जबाब राह्यलाय. असं चालायचं न्हाई." तुमचा डावा हात घोंगडीखाली हलला. मी माझा हात खाली घातला. तुम्ही तो धरलात. मी वाट बघत होतो की तुम्ही एखादं बोट दाबाल, काही सांगाल. काही दाबलं नाहीत. नुसता धरून ठेवलात, आणि सोडला नाहीत. मास्तरीणबाई म्हणाल्या, "दमलेत, सोडवून घ्या." मी म्हणालो, मी कसा सोडवू. ते सोडत नाहीत तोवर मला उठता येत नाही. मी बसून राहिलो. ऊन उंबऱ्यातून बाहेर गेलं तरी बसून होतो. शेवटी तुमचा श्वास थांबला, आणि मास्तरीणबाईंनी तुमची बोटं माझ्या बोटांतून एकेक करून सोडवली. तुम्ही सोडली नव्हतीत. मीही नाही.

दुष्काळाने जमीन अशी झाली होती की तुमची कबर खणायला पहारी लागल्या. मी स्वतः पहार घेतली. योहान पुण्याच्या सेमिनरीतून आला, पांढऱ्या झग्यात, चेहरा मार्थाचा. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो, तुमच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. दीक्षेपर्यंत थांबलो नाही, मी त्याला सरळ विचारलं, "आईच्या नवसामुळं गेलास?"

तो म्हणाला, "कसला नवस?"

मास्तर, त्याला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बाबा, मी जायचं ठरवलं तेव्हा मास्तरांकडे गेलो होतो. त्यांनी मला तीनदा परत पाठवलं. म्हणाले, घरी जा, बापाबरोबर बाजार कर, वर्षभराने ये. मला राग आला होता. आता कळतं, ते बघत होते की मी कुणाच्या सांगण्यावरून आलोय की माझा मी."

आणि मग म्हणाला, "मला कळलं असतं तर मी गेलो नसतो. किंवा गेलो असतो आणि आयुष्यभर विचारत राहिलो असतो की मी आलो की मला आणलं."

म्हणजे हा तुमचा जबाब. तुम्ही त्याला मोकळं ठेवण्यासाठी गप्प राहिलात. मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी चावडीवर ओरडलो असतो आणि पोराच्या कानावर गेलं असतं. माझी जीभ तुम्हाला ठाऊक होती. दीक्षा होईपर्यंत जबाब देता येत नाही, तो का, तेही कळलं. चांगला जबाब आहे. तुमच्यासारखा आहे. ज्याने माझ्या मुलाला कुणाच्या दावणीला बांधू दिलं नाही, मार्थाच्याही नाही, देवाच्याही नाही, त्या माणसाचे पाय धरावेत. मी ते धरलेही असते. आता ते दगडाखाली आहेत.

पण पंजा दाबत नाही. ऐकून घ्या, का ते.

योहानाला त्याचा दिवस मिळाला. तीनदा मिळाला. मार्थाला तिचा मिळाला, माउलीच्या पायाशी. फक्त माझा मिळाला नाही. मी खानदेशातून परत आलो तेव्हा पोर पाळण्यात हसत होतं, आणि मी गावभर गूळ वाटला. तो दिवस माझा होता, मास्तर. त्या दिवशी मला कळायला पाहिजे होतं. मी नाही म्हणालो असतो, त्यात शंका नाही. भांडलो असतो, ताट फेकलं असतं. मग बसलो असतो आणि भाव केला असता. घे, पण एकदम नको. घे, पण नातवाचं तोंड बघू दे. घे, पण निदान सांगून ने. पन्नासपासून दहापर्यंत आलो असतो. आणि शेवटी काय केलं असतं ते मलाही ठाऊक नाही, पण जे केलं असतं ते माझ्या हाताने केलं असतं. अब्राहाम गप्प का राहिला, ते मला आता वाटतं मला कळतं. त्याला विचारलं होतं. ज्याला विचारलं जातं तो गप्प राहू शकतो. ज्याला विचारलंच नाही त्याला बोलावंच लागतं.

योहानाने जाताना विचारलं, "बाबा, डिसेंबरात याल ना?" मी म्हणालो, येईन. पहिल्या बाकावर बसेन. त्याच्या दीक्षेत मी आडवा येणार नाही. तो त्याचा सौदा आहे आणि त्याने तो स्वतः केलेला आहे. दलालाला एवढं कळतं.

पण ते कापड माझ्याकडे येणार आहे, आणि ते मी घडी करून पेटीत ठेवणार नाही. मी ते आपल्या ओट्यावर आणेन, तुमच्या जागेवर अंथरेन, आणि त्याच्याखाली माझा हात घालून बसेन. मास्तर, तुम्ही आता जिथे आहात तिथे ज्याच्यासमोर आहात त्याला सांगा, लुकस बसला आहे. देवाला शब्दात हरवायला तुम्हीच शिकवलेला हा माणूस आहे आणि तो उठणार नाही. माझा एक दिवस कुणी घेतला? तुम्ही घेतला असाल तर तुम्ही सांगा. त्याने घेतला असेल तर त्याने सांगावं. कापडाखाली पलीकडून एक हात आला पाहिजे. कुणाचाही येऊ दे, पण आला पाहिजे.